मोकळा रूळ कुणाचा? रेस कंडिशनची एक छोटी कथा

आज आपण संगणकाच्या पोटातल्या एका दोषाचा इतिहास पाहणार आहोत. त्याचं नाव 'रेस कंडिशन'. दोन कामं एकाच वस्तूवर एकाच वेळी धावून येतात, आणि कोण आधी पोचलं यावर निकाल बदलतो, असा हा दोष. तत्त्वज्ञानाच्या मंडळींनी यात का पडावं, असं कुणी विचारील. पण मुळात प्रश्न ज्ञानाचाच आहे. एखादी वस्तू मोकळी आहे असं आपल्याला कळलं. त्या कळण्यावर विसंबून आपण पाऊल टाकलं. तर मधल्या क्षणात ती मोकळी राहिली असेल, याची हमी कुणी दिली?

आपण खोपोलीपासून सुरुवात करू. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग खोपोलीपर्यंत आला. तेव्हाच्या इंग्रजी कागदांत गावाचं नाव 'कॅम्पूली' असं सापडतं. १८५८ मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला बोरघाट मात्र बांधून व्हायचा होता. तो १८६३ मध्ये खुला झाला. म्हणजे जवळपास पाच वर्षं उतारू खोपोलीला उतरायचे आणि पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून घाट चढून खंडाळ्याला पुढची आगगाडी पकडायचे. खाली एक वेग, वर दुसरा वेग, आणि मध्ये माणसं व सामान पोचवणारी तिसरीच यंत्रणा.

संगणकात 'ड्रायव्हर' नावाचा प्रोग्राम हेच काम करतो. प्रोसेसर एका वेगाने चालतो. डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड आपापल्या वेगाने चालतात. ड्रायव्हर मधला घाट सांभाळतो. यंत्राला काही सांगायचं असलं की ते 'इंटरप्ट' देतं, म्हणजे चालू काम थांबवून दार ठोठावतं. दार केव्हा ठोठावलं जाईल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. अडचणीचं मूळ हेच, बरं का.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये 'एक्स-१' हा संगणक तयार होत होता. त्यात इंटरप्टची सोय करायची ठरली तेव्हा एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी आधी कां कूं केलं. कारण समजण्यासारखं होतं. अशा यंत्रात झालेली चूक पुन्हा करून दाखवता येणार नाही. आज झाली, उद्या होणार नाही. आणि जी चूक पुन्हा दिसत नाही, ती शोधायची कशी? शेवटी ते काम त्यांनी स्वीकारलं, आणि १९५९ चा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध त्याच विषयावर झाला. पुढे १९६०च्या दशकात त्यांनी जो उपाय दिला त्याचं नाव 'सेमाफोर'. हा शब्द रेल्वेचा: रुळाकाठी खाली-वर होणारा सिग्नलचा हात.

नाव सिग्नलचं असलं, तरी गुण दुसऱ्याच वस्तूचा आहे. ती वस्तू समजून घ्यायला आपल्याला इंग्लंडमधल्या एका अपघाताकडे जावं लागेल. १० सप्टेंबर १८७४ ची रात्र. नॉर्विचजवळ एकेरी मार्ग होता. समोरच्या मेलला पुढे येऊ द्या, असा तारेचा संदेश नॉर्विचहून गेला. आणि त्याच नॉर्विचहून एक्स्प्रेसही सोडली गेली. घोटाळा लक्षात येताच संदेश रद्द करायची तार झाली. उत्तर आलं: मेल सुटली. दोन्ही गाड्या थॉर्प इथे समोरासमोर आदळल्या, वीसहून अधिक माणसं गेली. दोन्ही गाड्यांच्या चालकांना आपल्यापुढचा रूळ मोकळा आहे असंच सांगितलेलं होतं.

यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये टॅब्लेटच्या यंत्राचं पेटंट घेतलं. भारतातल्या अनेक एकेरी मार्गांवर त्याच जातीचं, धातूच्या गोळ्याचं यंत्र वापरात आलं. खोपोलीच्या फाट्यासारखा एकेरी मार्ग डोळ्यांपुढे आणा. दोन्ही टोकांच्या स्टेशनांत एकेक यंत्र, दोन्ही विजेने जोडलेली. एका वेळी दोहोंपैकी एकाच यंत्रातून एकच गोळा निघतो. तो चालकाच्या हाती आला की गाडी निघते. आणि तो कुठल्याही एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघतच नाही. इथे परवानगी ही बातमी राहिली नाही, ती वस्तू झाली. बातमी एकाच वेळी दोघांकडे असू शकते. गोळा असू शकत नाही. मोकळं आहे का हे पाहणं आणि ताबा घेणं या दोन क्रिया तिथे एक झाल्या. डाइक्स्ट्रांच्या सेमाफोरचं मर्म हेच आहे.

हे न केल्यास काय होतं, ते 'थेरॅक-२५' या किरणोपचाराच्या यंत्राने दाखवलं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रचंड जादा मात्रा बसली, काही दगावले. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे उलगडा झाला. यंत्रातल्या चुंबकांना जागेवर यायला साधारण आठ सेकंद लागत. तेवढ्यात चालवणाऱ्याने पडद्यावरची नोंद दुरुस्त केली, तर प्रोग्रामच्या एका भागाला ती दुरुस्ती कळे आणि दुसऱ्याला कळत नसे. नवखा माणूस सावकाश टाइप करतो, त्याला हा दोष कधी दिसलाच नसता. हात बसलेल्या, चपळ माणसाच्या हातून तो प्रकट झाला. आधीच्या 'थेरॅक-२०' मध्येही हाच दोष होता, पण तिथे स्वतंत्र यांत्रिक अडसर होते. फ्यूज उडायचा, रुग्ण वाचायचा.

आता तात्पुरता उपाय काय सुचवला गेला, ते ऐका. कीबोर्डवरचं वर जाण्याचं बटण काढून टाका आणि त्या जागी चिकटपट्टी लावा! म्हणजे दुरुस्तीची घाईच होणार नाही. पण जानेवारी १९८७ मध्ये याकिमा इथे पुन्हा अपघात झाला, तो प्रोग्राममधल्या दुसऱ्याच जागी असलेल्या, वेळेच्याच दोषामुळे.

आमच्या मते या इतिहासातला मुख्य धडा इथे आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाही असाच मोह होतो: मध्ये थोडा थांबा घालू, दोष दिसेनासा होईल. दिसेनासा होतो खरा. पण फट अरुंद झाली, बुजली नाही. उलट दोष दुर्मीळ झाला म्हणजे सापडायला आणखी कठीण झाला. दुर्मीळ होणं म्हणजे दुरुस्त होणं नव्हे.

मग खरी दुरुस्ती कशी करतात? आधी विचारायचं, सामायिक वस्तू कोणती. मग तिच्यासाठी एक कुलूप ठरवायचं, आणि पाहणं व करणं दोन्ही त्याच कुलपात घ्यायचं. इंटरप्टचा भागही तीच वस्तू वापरत असेल, तर कुलूप हाती असेपर्यंत त्या प्रोसेसरवर इंटरप्ट थोपवायचा. नाहीतर दार ठोठावणारा कुलपाची वाट पाहणार आणि कुलूपवाला त्याच्याखाली अडकलेला. पेन ड्राइव्ह मध्येच उपसला, तर आतली नोंद अजून किती जण वापरताहेत ते मोजायचं आणि शेवटचा बाहेर पडल्यावरच ती पुसायची.

लिनक्सचा इतिहासही असाच आहे. १९९६ मध्ये एकाहून अधिक प्रोसेसरांची सोय आली, तेव्हा सगळ्या गाभ्याला एकच मोठं कुलूप होतं. सुरक्षित, पण सगळे रांगेत उभे. ते हळूहळू फोडत लहान कुलपं केली गेली आणि २०११ मध्ये मोठं कुलूप गेलं. पंधरा वर्षं लागली! लहान कुलपांची वेगळी डोकेदुखी असते: एकाच्या हातात विळी, दुसऱ्याच्या हातात नारळ, आणि दोघेही समोरच्याची वस्तू मिळेपर्यंत आपली सोडायला तयार नाहीत. त्यावर इलाज म्हणजे कुलपं नेहमी ठरलेल्या क्रमानेच घ्यायची. हा क्रम कुठे मोडतो ते तपासणारं साधन इंगो मोल्नार यांनी २००६ मध्ये आणलं. रेस कंडिशन पकडणारं साधन गाभ्यात आलं २०२० मध्ये.

तेव्हा कुणी सांगितलं की दोष गेला, आठवडाभर दिसला नाही, तर आपण एवढंच विचारावं: फट बुजवली, की नुसती अरुंद केली? उत्तर देताना त्याला गोळा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.