आजीची परीक्षा घेऊ नका

श्रोतेहो, "आजी, ओळख बरं, मी कोण?" असे आपण सहज विचारतो. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तो प्रश्न परीक्षेसारखा बोचतो.

आपण याला म्हातारचळ म्हणत आलो. जर्मन डॉक्टर आल्त्सहायमर यांनी १९०६ साली एका रुग्ण बाईच्या मेंदूतला बिघाड दाखवला. हा मेंदूचा आजार आहे. तो समूळ बरा करणारे औषध अजून नाही.

मग करावे काय? इंग्लंडातल्या २०१ वृद्धांच्या प्रयोगाचा निष्कर्ष २००३ साली आला. काहींना आठवड्यातून दोनदा, अशा १४ बैठकांना एकत्र बसवले. गाणी, खेळ, जुन्या वस्तू, गप्पा. "आठवते का?" याऐवजी "तुम्हाला काय वाटते?" असे विचारायचे. त्यांची आकलनशक्ती आणि जगण्याची गुणवत्ता इतरांपेक्षा बरी राहिली.

मंडळी, आपल्या खानदेशात आखाजीचा झोका, कानबाईची गाणी होतीच. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी १९५२ साली छापली गेली. पुढे जात्याची जागा गिरणीने घेतली आणि दळतानाची ती सोबतही गेली.

गुरुजी, शाळा सुटल्यावर गावातली चार म्हातारी माणसे ओट्यावर बसवा. विचारा, "आजी, आखाजीला काय गोड लागायचं?" या प्रश्नाचे उत्तर कधी चुकत नाही.