लोंबणारे छत: दोष कापडाचा की फोमचा?

१/ जुन्या मोटारीच्या छताचे अस्तर लोंबू लागले की आपण कापडाला दोष देतो. नवे कापड निवडण्यापूर्वी त्या अस्तराचा इतिहास पाहू. #थ्रेड

२/ आरंभीच्या बंद मोटारींनी हे अस्तर घोडागाडीकडून घेतले: लोकरी कापड, लाकडी सांगाड्याला खिळ्यांनी ठोकलेले. छताचा मधला भागही बहुधा लाकूड आणि जलरोधक कापडाचाच असे.

३/ १९३५च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणले. पुढे लाकूड मागे पडले आणि शिवलेले अस्तर धातूच्या बारीक कमानींवर ताणले जाऊ लागले. लोकरीच्या जोडीला विनाइल आले.

४/ १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. १९७०नंतर त्याच्या फोमचा पातळ थर लावलेले कापड साच्यातल्या फलकावर चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. कमानी गेल्या, सारा भार फोमवर आला.

५/ उष्णतेने व दमट हवेने फोमचा भुगा होतो. कापड शाबूत राहते, आधार नाहीसा होतो. म्हणून नुसता गोंद भरून उपयोग नाही. तो भुग्यालाच चिकटतो. फलक खरवडून स्वच्छ करावाच लागतो.

६/ मग निवड कशी करावी? कमानींच्या गाडीला शिवलेले लोकरी कापड किंवा विनाइल. फलकाच्या गाडीला फोम जोडलेले, किंचित ताणले जाणारे कापड आणि उष्णता सोसणारा गोंद. पडद्याचे साधे कापड टाळावे. त्यातून गोंद पाझरून डाग पडतात.

७/ जुन्या अस्तराचा एक तुकडा मात्र जपून ठेवा. मूळ रंगाचा आणि विणीचा तोच पुरावा.