बॉनेटखालची काळी वीण

रेडिएटरच्या वरची प्लास्टिकची प्लेट काढून कार्बन फायबरची बसवली, की बॉनेट उघडताच नजर आधी तिकडेच जाते. काळी, चकचकीत, तिरकस वीण. जीन्सचं कापड जवळून पाहावं तशी, कारण ही ट्विलच आहे. फक्त इथे एकेका पेडात बहुधा ३,००० तंतू असतात आणि एकेक तंतू केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक.

या तंतूचं मूळ दिव्यात सापडतं. १८७९ मध्ये एडिसनने सुती दोरा हवा न लागू देता भाजला आणि त्याचा कोळसा झालेला धागा बल्बमध्ये पेटवला. पुढे त्यासाठी क्योटोजवळचा बांबूही वापरला. तो धागा उजेड द्यायचा, पण ठिसूळ. जोर पेलणाऱ्या धाग्याची वाट सापडली ती ओसाकाच्या सरकारी प्रयोगशाळेत. १९६०च्या आसपास अकिओ शिंदो यांनी अ‍ॅक्रिलिक धागा घेतला, म्हणजे स्वस्त स्वेटरच्या लोकरीचाच भाऊबंद, आणि तो भट्टीत भाजून कार्बनचा केला. १९७१ पासून तोरे कंपनी असे तंतू विकू लागली. त्यांतून विमानांचे भाग झाले, तशा गळाच्या काठ्याही.

गाडीवाल्यांना त्याचं वेड लागलं ते शर्यतींमुळे. १९८१ मध्ये जॉन बर्नार्ड यांनी मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीचा सांगाडाच कार्बनचा केला. आदळला तर चुरा होईल, अशी शंका अनेकांना होती. त्याच वर्षी मोंझाला जॉन वॉटसनची गाडी कठड्यावर आदळली, इंजिन तुटून वेगळं झालं, आणि वॉटसन स्वतःच्या पायांनी बाहेर आला. माझ्या मते या कुळकथेतला सगळ्यात मोठा क्षण तोच.

मग ही वीण आपल्याही गाडीत हवी असं वाटणं साहजिक होतं. जपानने १९९५ मध्ये गाडीतल्या फेरफारांवरचे नियम सैल केले आणि तिथल्या ट्यूनिंगच्या धंद्याला बळ मिळालं. २००० साली निसानने स्कायलाइन जीटी-आरच्या एका आवृत्तीला कारखान्यातूनच कार्बनचं बॉनेट दिलं.

बॉनेटखाली मात्र एक अडचण आहे. धागा भट्टीतून आलेला असला, तरी त्याला धरून ठेवणारी इपॉक्सी राळ ताप सोसत नाही. १९९२च्या मॅक्लारेन एफ-वन या रस्त्यावरच्या गाडीत इंजिनच्या जागेला सोन्याचा वर्ख लावला होता तो याचसाठी: उष्णता परतवायला. म्हणून रेडिएटरची प्लेट, हवेच्या फिल्टरची पेटी, फ्यूजबॉक्सचं झाकण हे भाग कार्बनचे चालतात, एक्झॉस्टजवळ नकोत.

शिवाय कार्बनमधून वीज वाहते. बॅटरीच्या प्लस टोकाला भाग टेकता कामा नये. अ‍ॅल्युमिनियमला थेट चिकटला आणि ओल लागली, तर अ‍ॅल्युमिनियम पोखरलं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर घालायचा, बोल्ट आधी सगळे हातानेच धरवायचे, आणि पान्याचा शेवटचा पीळ अगदी हलका.