किनाऱ्यावरून मासे गरवायला शिकायचंय? आधी पाणी ओळखा

वाळूत उभं राहून लाटांमध्ये गळ टाकून मासे पकडणं म्हणजे सर्फ फिशिंग. कोकणात गळाने मासे पकडण्याला 'गरवणं' म्हणतात. नवशिक्यांचा सगळा भर गळ लांब फेकण्यावर असतो. पण मासे अनेकदा किनाऱ्याजवळच असतात. प्रश्न असतो तो नेमकी जागा ओळखण्याचा.

सामान काय लागतं?
९ ते १२ फुटांचा रॉड, मध्यम आकाराचं स्पिनिंग रीळ, तंगूस, लहान गऱ्या आणि ६० ते १०० ग्रॅमचं शिसं. आमिष म्हणून ताजी कोळंबी किंवा तिसऱ्यांचं मांस चालतं.

कधी जायचं?
चढत्या भरतीबरोबर मासे खाणं शोधत किनाऱ्याकडे येतात. पहाट आणि संध्याकाळ जास्त चांगली. मुंबई-कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हा अंदाज झाला; नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि ओढही वाढते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी त्यामानाने शांत. सुरुवात तेव्हा करा.

जागा कशी ओळखायची?
ओहोटीला एक फेरी मारून वाळूचे उंचवटे आणि खोलगट भाग पाहून ठेवा. भरतीत उंचवट्यावर लाट फुटते, पांढरा फेस दिसतो. खोलगट भागात लाट फुटत नाही, पाणी गडद दिसतं. फेसाच्या कडेला, या खोल पाण्यात गळ टाका. वाळूच्या किनाऱ्यावर मुडदुशी अशीच मिळते.

धोका कुठे आहे?
फेसाच्या दोन पट्ट्यांमधून समुद्राकडे जाणारी शांत, गडद वाट ही रिप करंटची असू शकते. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून वेगाने परत जातं आणि माणसालाही ओढून नेतं. म्हणजे गळ टाकायला जी जागा चांगली, तीच पाण्यात उतरायला सगळ्यात वाईट. गळ तिथे जाऊ द्या, तुम्ही वाळूवरच थांबा. कुणी ओढलं गेलंच, तर किनाऱ्याकडे थेट पोहून दमू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावं.

आणखी काय सांभाळायचं?
- एकट्याने जाऊ नका. समुद्राकडे पाठ करू नका.
- गळ फेकण्याआधी मागे कुणी नाही ना, ते पाहा.
- शेवाळलेल्या खडकांवर चढू नका. भरतीत परतीची वाट बंद होते.
- शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतो. गरी पकडीने काढा.
- पावसाळ्यात जाऊ नका. इतर वेळीही हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा उंच लाटांचा इशारा आहे का, ते आधी बघा.
- तुटलेलं तंगूस किनाऱ्यावर टाकू नका. त्यात पक्षी आणि कासवं अडकतात.

पहिल्या दिवशी रॉड घरीच ठेवलात तरी चालेल. गावातल्या गरवणाऱ्यांसोबत एक भरती नुसती बघा. ते कुठे उभे राहतात आणि कधी मागे सरकतात, हे कळलं की अर्धं काम झालं.