फुल टाकीची फियाट

यंदाच्या एप्रिलमध्ये राळेगावहून यवतमाळकडे जाताना, कळंबच्या अलीकडे, आमची गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. बाबा काहीच बोलले नाहीत. खाली उतरले, बोनेट उघडलं आणि पाण्याच्या बाटलीत फडकं भिजवून पेट्रोल पंपावर गुंडाळलं. हा पंप म्हणजे इंजिनाच्या कुशीतला, कॅमशाफ्टच्या जोरावर चालणारा मूठभर यंत्राचा तुकडा. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली.

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1986 ची. आबाजींनी घेतलेली. घरात तिला पद्मिनी कोणीच म्हणत नाही, फियाटच म्हणतात. हिवाळ्यात नागपूरहून बोअर करून आणलं, ओव्हरसाइज पिस्टन टाकले, हेड फेस केलं, आणि राळेगावातच इंजिन बांधलं. पुढल्या महिन्यात नोंदणीचं नूतनीकरण होतं. वीस वर्षांवरच्या मोटारीचं शुल्क मागच्या वर्षी 5000 वरून 10000 झालंय. बाबांनी ठरवून टाकलं होतं की या वेळी जमलं नाही तर भंगारात. ते हे अगदी सहज म्हणाले, म्हणून मला जास्त लागलं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. रोजचं काम दुसऱ्यांचे बग शोधण्याचं. सुट्टी टाकून आलो ते जरा तोऱ्यातच.

आधी इंजिनाबद्दल वाचलं आणि त्यातच दोन रात्री गेल्या. हे इंजिन 1089 सीसीचं. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75. हीच मापं 1937 मध्ये तुरिनला निघालेल्या फियाटच्या 1100 मध्ये होती. म्हणजे आमच्या अंगणातल्या गाडीच्या पोटात दुसऱ्या महायुद्धाआधीचा हिशेब चालू आहे! गंमत अशी की इटलीत पुढे 1100 डी ला 1221 सीसीचं मोठं इंजिन मिळालं. ती गाडी 1964 मध्ये आपल्याकडे आली, पण जुनं 1089 च घेऊन.

आपल्याकडे म्हणजे कुर्ल्याला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. हा माणूस जहाजं, विमानं, मोटारी या तिन्हींच्या मागे लागला होता, तेही इंग्रज राज्यात. सुरुवात क्रायस्लरच्या गाड्या जोडण्यापासून झाली. फियाटशी करार 1951 चा. वालचंद 1953 मध्ये गेले, त्यामुळे जिच्यामुळे कुर्ला घराघरात पोचलं ती 1100 त्यांनी इथे बनताना पाहिलीच नाही. त्याच वर्षी सरकारने धोरण बदललं. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना जागा राहिली नाही, भाग इथेच बनवा असा आग्रह सुरू झाला. पुढे फियाट नाव गेलं, प्रेसिडेंट आली, 1974 मध्ये पद्मिनी झाली. पत्रा, गिअरचा स्टिअरिंगजवळचा दांडा, इंजिन हे सगळं जवळपास तेच राहिलं, थेट विसावं शतक संपेपर्यंत. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर उतरली.

लायसन्स राजला शिव्या घालायची आमच्या पिढीची पद्धत आहे, आणि गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्यांना तो हक्कही आहे. पण तीसेक वर्षं एकच गाडी निघाली म्हणूनच राळेगावातला मिस्त्री ती डोळे मिटून खोलू शकतो. 1986 मध्ये मारुती मिळत होती, तरी आबाजींनी हीच घेतली, कारण मारुती उघडणारा इथे कोणी नव्हता.

तर बग. गाडी बंद पडली की मी प्लगची वायर काढून स्पार्क बघितला. ठणठणीत होता. म्हणजे पेट्रोल पोचत नाही. माझा सिद्धांत तयार होता: पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, पंपातलं जुन्या काळचं रबर त्याला टिकत नाही, त्यात आपलं ऊन, नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. ओल्या फडक्याने गाडी सुरू होते, मग आणखी काय पुरावा हवा? पंपाचा पडदा नवा टाकला. गाडी पुन्हा बंद. नळीवर कापड गुंडाळलं. पुन्हा बंद.

बाबा एवढंच म्हणाले, "टाकी फुल केली का लवकर बंद पडते."

मी हसलो. हे मला आता लिहितानाही आवडत नाहीये. फुल टाकीने गाडी बंद पडते, हे कुठल्या पुस्तकात आहे?

मग एकदा पहाटे पाचला निघालो, गारव्यात. तरीही बंद. वाफेचा सिद्धांत तिथेच मेला, फक्त मला दोन दिवस मान्य करवलं नाही.

चाचा बाबांचे जुने मिस्त्री. आता गॅरेज चालवत नाहीत, ओसरीवर बसून असतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि बोनेटकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गाडी चालू ठेव. बंद पडली का मागं ये अन् टाकीचं झाकण खोल."

खोललं. सूंऽऽ असा लांब आवाज आला, टाकी श्वास घेत होती.

"इंजिनले काहून बदनाम करतं, पोट्ट्या? झाकणाले भोकच नाही हाये."

इंजिनाबरोबर रंगकाम झालं तेव्हा गंजलेलं झाकण टाकून दुकानातून नवं आणलं होतं, भलत्याच गाडीचं. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत निर्वात वाढतो आणि पंपाला ओढवत नाही. टाकी भरलेली असेल तर वरची हवेची जागा लहान, मग लिटरभर पेट्रोल गेलं तरी दाब झपकन उतरतो. अर्धी रिकामी असेल तर कितीतरी पुढे जाता येतं. बाबा शब्दशः बरोबर होते. आणि ओलं फडकं? ते गुंडाळून बसलो की अर्धा तास जायचा, तेवढ्यात झाकणाच्या कडेने हवा झिरपायची. गाडी वाट पाहिल्यामुळे सुरू होत होती, आम्ही श्रेय फडक्याला देत होतो.

चाचांनी झाकण काढून घेतलं आणि बारीक ड्रिलने भोक पाडलं. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

रात्री मी बाबांना विचारलं, टाकीचं तुम्हाला कसं कळलं. त्यांनी कपाटातून वही काढली. आबाजींनी सुरू केलेली. प्रत्येक वेळी किती पेट्रोल टाकलं, किती किलोमीटर झाले, कुठे गेलो. जिनिंग. वडकी. कळंब, चिंतामणी. एका पानावर लागोपाठ सात वेळा नुसतं 'सेवाग्राम, दवाखाना', ती आजीची शेवटची वारी. आबाजींनंतर अक्षर बाबांचं. या मार्चपासून समासात लाल पेनाने लिहिलेलं: फुल, 9 किमीवर बंद. अर्धी, बंद नाही. फुल, 8 किमीवर बंद.

माझ्यासमोर पाच आठवडे लॉग उघडा पडला होता.

टाकी फुल करून आम्ही यवतमाळला गेलो. कळंब गेलं तेव्हा बाबांनी काच खाली केली आणि बराच वेळ हात बाहेर ठेवला. तपासणी झाली, शिक्का मिळाला. परतल्यावर त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, आणि त्या दिवसाची नोंद मी लिहिली: फुल. यवतमाळ, जाऊन-येऊन. बंद नाही.