सेंट थॉमसच्या भिंती आणि शिवडीची माती

चर्चगेटला आपण रोज उतरतो. परंतु ज्या चर्चवरून किल्ल्याच्या त्या दरवाजाला नाव पडले, ते फोर्टातले सेंट थॉमस आपल्यापैकी कितीजणांनी आतून पाहिले आहे?

गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या अमदानीत, 1676 साली, त्याचा पाया घातला गेला. भिंती थोड्या वर आल्या आणि काम चाळीस वर्षे तसेच पडून राहिले. पुढे रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी जमविली व 1718 च्या नाताळात दार उघडले. 1837 मध्ये मुंबईला बिशप आला आणि चर्चचे कॅथीड्रल झाले. शहराचे मैल येथूनच मोजीत.

आत संगमरवरी स्मारके आहेत. 1811 मध्ये वारलेल्या गव्हर्नर जोनाथन डंकनच्या स्मारकावर बालहत्या बंद करविल्याचे श्रेय कोरले आहे. ते त्याला द्यावेच. मात्र भिंतीवर जागा मिळे ती बहुधा हुद्देदारांना. साधा शिपाई वा खलाशी मेंढॅम्स पॉइंटच्या, पुढे सोनापूरच्या मातीत जाई.

1860 नंतर शिवडीची दफनभूमी झाली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स 1900 पासून तेथे आहेत. त्यांचे नाव राहिले, हे योग्यच. परंतु 1878 पासून दहा वर्षे ज्यांनी तो दगड घडविला, वाहिला, चढविला, त्यांची नावे कोठे आहेत?

मजुराचे नाव हजेरीपटात असते आणि हजेरीपट रद्दीत जातो. म्हणून म्हणतो, युनियनच्या जुन्या वह्या फेकू नका. आपली स्मारके तीच.