चौघांची मसलत आणि फोर्ट विल्यम

१७७८ ते १७८४ या काळातील लढाया आपल्याकडे 'पहिले इंग्रज-मराठा युद्ध' आणि 'दुसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध' अशा दोन स्वतंत्र प्रकरणांत वाचल्या जातात. हुगळीकाठच्या फोर्ट विल्यममधून कारभार पाहणाऱ्या वॉरन हेस्टिंग्जपुढे मात्र ते एकच, जगभर पसरलेले युद्ध होते. अमेरिकेतील वसाहतींनी बंड पुकारलेले. फ्रान्स, स्पेन आणि अखेर हॉलंडही शत्रुपक्षात. नेमक्या याच सुमारास, १७८०च्या प्रारंभी, नाना फडणिसांनी पेशवे, हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची मसलत जुळवली. प्रत्येकाने आपल्या लगतच्या इंग्रजी मुलुखावर एकाच वेळी चालून जायचे, असा बेत होता. अमेरिका आणि फ्रान्स यांच्या दोस्तीने ज्या इंग्रजांना यॉर्कटाउनला शरण आणले, त्यांना ही चौकडी का नमवू शकली नाही?

शौर्य कमी पडले, असे म्हणवत नाही. वडगाव (१७७९) आणि पोल्लिलूर (१७८०) येथील इंग्रजांची दैना पुरेशी बोलकी आहे. दोष मसलतीच्या पोटात होता. त्यातील दोघांना जे हवे होते, ते शत्रूच परस्पर देऊ शकत होता. निजामाचा राग गुंटूरवरून होता. मद्रासकरांनी घेतलेले गुंटूर कलकत्त्याने परत करवले आणि निजाम स्वस्थ बसला.

मुधोजी भोसल्यांचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. त्यांची ओढ बंगालच्या थकलेल्या चौथाईकडे होती. पुत्र चिमणाजी मोठी फौज घेऊन निघाला खरा, पण कटकला पोचण्यातच त्याने महिनोन्महिने घालवले. इकडे मुधोजींचा हेस्टिंग्जशी गुप्त पत्रव्यवहार चालूच होता. भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने ज्या कलकत्त्याने १७४२ साली 'मराठा खंदक' खणला, त्याने या वेळी खजिना उघडला. आधी ३ लाख, मग १३ लाख रुपये गेले. १७८१ मध्ये कर्नल पिअर्सची बंगाली पलटणे भोसल्यांच्याच ओरिसातून हैदरावर चालून गेली, आणि चिमणाजीच्या फौजेने त्यांना वाट दिली!

फोर्ट विल्यममध्ये तरी कुठे एकोपा होता? मराठ्यांशी युद्ध नको म्हणणारा फिलिप फ्रान्सिस आणि हेस्टिंग्ज यांनी ऑगस्ट १७८० मध्ये एकमेकांवर पिस्तुले झाडली. पण १७७३च्या कायद्याने युद्ध आणि तह यांबाबत मुंबई-मद्रासवर कलकत्त्याचा अधिकार चाले आणि बंगालचा महसूल हाताशी होता. नानांच्या हाती पत्रे आणि वकील. मित्राने तह मोडला तर त्याला आवरण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. उलट अमेरिकनांना हवे होते स्वातंत्र्य. १७७८ मध्ये इंग्लंडने त्याखेरीज बहुतेक सारे देऊ केले. ते त्यांना पुरले नाही, म्हणून तेथील दोस्ती यॉर्कटाउनपर्यंत टिकली.

पुण्याच्या बाजूनेही बोट दाखवायला जागा आहे. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झाला, तेव्हा हैदर लढतच होता. फ्रेंच आरमारप्रमुख सुफ्रां त्याच वर्षी पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांशी झुंजत होता. नानांनी तहावर मान्यतेची मोहोर लांबवली, यात त्यांची चतुराई दिसते तशी अडचणही दिसते. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला. फेब्रुवारी १७८३ मध्ये मोहोर उमटली. टिपू मात्र मार्च १७८४च्या मंगळूर तहापर्यंत इंग्रजांशी लढत राहिला.